दहा पायांचा कोळी की पुढे धावलेले घड्याळ? फोंड्यातील एका प्रयोगाची तपासणी

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका छोट्या प्रयोगशाळेत एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी घरात राहणारा कोळी पाळला होता, परास्टिएटोडा टेपिडेरिओरम. प्रौढ माद्यांच्या पोटात अँटेनापीडिया जनुकाविरुद्धचा डीएसआरएनए (जुळणारे जनुक दाबून टाकणारा दुपदरी आरएनए) टोचायचा आणि त्यांच्या अंड्यांतल्या भ्रूणांच्या पोटावर पायांची जादा जोडी उगवते का ते पाहायचे, एवढा प्रयोग. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात नोंदवहीत दोन गोष्टी लिहिल्या गेल्या. टोचलेल्या माद्यांच्या दोन अंडीकोषांत बहुतेक भ्रूणांच्या पोटावर कोंब दिसले, कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठी दुसराच डीएसआरएनए दिलेल्या गटात, एकातही नाही. आणि टोचलेल्या गटातले बाकीचे कोष बुरशीने गेले. पहिली नोंद निकाल म्हणून लिहायची तयारी झाली होती. दुसरी पावसाळ्याच्या खात्यावर टाकून दिली होती. तपासणीत पहिलीचे मूळ एका पेटीत सापडले, दुसरीचे त्याच पेटीतल्या ओलीत आणि काही माद्यांच्या न झालेल्या मिलनात.

प्रयोगामागचा प्रश्न

ड्रॉसोफिला माशीत अँटेनापीडिया चुकीच्या जागी चालू झाले, तर डोक्यावर मिशीच्या ठिकाणी पाय उगवतो. त्यामुळे हे जनुक पाय घडवण्याशी जोडले गेले. कोळ्यात मात्र उलटे दिसते. २०१२ साली सारा खाद्जेह आणि सहकाऱ्यांनी दाखवले की परास्टिएटोडात हे जनुक दाबले, तर पोटाच्या पहिल्या खंडावर पायांची जोडी येते आणि आठाऐवजी दहा पायांचा भ्रूण तयार होतो. म्हणजे एरवी त्या खंडावर पाय येऊ न देण्याचे काम हे जनुक करते. माशीच्या पोटावर हेच काम अल्ट्राबायथोरॅक्स आणि अब्डॉमिनल-ए ही जनुके करतात. कोळी आणि कीटक या दोन्ही वंशांचे पोट बिनपायाचे, पण त्या ठिकाणी ते वेगवेगळ्या वाटेने पोचले. हे केवळ माशीकडे पाहून कधीच कळले नसते, आणि कोळी प्रयोगशाळेत ठेवायचा तो यासाठीच.

याच कोळ्यावर जपानमध्ये यासुको अकियामा-ओडा आणि हिरोकी ओडा यांनी भ्रूणाची पाठ-पोट दिशा कशी ठरते हे उलगडले. क्युपिएनिअस सालेई या मध्य अमेरिकेतल्या मोठ्या कोळ्यात २००३ साली दिसले की खंड पाडण्यात नॉच-डेल्टा हे पेशी-पेशींतले संकेत भाग घेतात. पृष्ठवंशी प्राण्यांतही तेच संकेत मणक्यांच्या खंडांसाठी वापरले जातात, माशीत मात्र खंड पाडायला त्यांची गरज लागत नाही. २०१७ साली परास्टिएटोडाचा जीनोम (सगळा जनुकसंच) प्रसिद्ध झाला, आणि कोळी व विंचू यांच्या समाईक पूर्वजात अख्खा जीनोमच दुप्पट झाला होता असे त्यातून पुढे आले. ही घटना ४३ कोटी वर्षांपूर्वीची किंवा त्याआधीची. त्यामुळे बहुतेक हॉक्स जनुकांच्या, म्हणजे कोणत्या खंडावर काय येणार हे ठरवणाऱ्या अँटेनापीडियासारख्या जनुकांच्या, दोन-दोन प्रती कोळ्यात आहेत, आणि कोणती प्रत दाबतो आहोत हे डीएसआरएनए बनवण्याआधीच पक्के करावे लागते. या प्रकल्पात ते नीट केलेले होते. चूक पुढे आहे.

कोळी तोच का?

तपासणी इथून सुरू केली, कारण हे चुकले तर पुढचे सगळे व्यर्थ. गोव्यातल्या घरात कौलांखाली आणि खिडकीच्या कोपऱ्यात राहणारा प्रत्येक गोल पोटाचा कोळी परास्टिएटोडा नसतो. लालसर पोटाचा नेस्टिकोडीज रुफिपेस त्याच कुळातला आणि तशीच विस्कटलेली जाळी करणारा. लांब काडीपायांचा क्रॉसोप्रिझा लिओनी तर वेगळ्याच कुळातला, पण त्याच कोपऱ्यात सापडतो. त्याची मादी अंड्यांचा झुबका जबड्यात धरून फिरते, म्हणून तो चटकन ओळखू येतो. डीएसआरएनएचे काम क्रमाच्या जुळणीवर चालते. जवळच्या पण वेगळ्या जातीत जुळणारे तुकडे कमी पडले, तर परिणाम येत नाही, आणि माणूस इंजेक्शनला दोष देत बसतो.

इथे मादीच्या जननछिद्रावरची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती आणि जात ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ बेसचा तुकडाही वाचलेला होता. जात बरोबर निघाली. वाढवलेले सगळे कोळी घरांतून गोळा केलेले होते, अभयारण्यातले एकही नव्हते. हेही बरे, कारण बोंडला किंवा मोले भागातून काहीही उचलायचे तर वनखात्याची परवानगी लागते.

पेटी

भ्रूणाच्या वाढीचा तक्ता या जातीसाठी २५ अंश सेल्सिअसवर बांधलेला आहे. त्या तापमानाला साधारण दुसऱ्या दिवशी भ्रूणचकती आणि तिच्यातला क्युम्युलस, म्हणजे पेशींचा छोटा पुंजका, दिसतो. तिसऱ्या दिवशी चकतीचा लांबट पट्टा होऊन पुढच्या भागात पायांचे कोंब येतात. चौथ्या दिवसाच्या आसपास पोटावरचे कोंबही दिसू लागतात. त्यानंतर पट्टा मधोमध उभा फाकतो आणि त्याचे दोन अर्ध पिवळ्या बलकाला वळसा घालत बाजूने सरकून पाठीकडे जातात (ही उलटापालट), आणि साधारण आठवडा ते आठ दिवसांत पिल्लू कवच सोडते. तापमान वाढले की हे सगळे लवकर होते. तास मोजून टप्पा ठरवणाऱ्याचे तापमान नेमके नसेल, तर त्याचे तास खोटे बोलतात.

टोचलेल्या माद्यांचे कोष ज्या पेटीत होते, ती फक्त गरम करणारी होती. डायल २५ वर लावलेली, आत थर्मामीटर नाही. अशी पेटी खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही. खोली बंद, शेजारी उणे २० अंशांचा फ्रीजर, त्याच्या कॉम्प्रेसरची गरम हवा पेटीच्या मागच्या बाजूला. थर्मामीटर पाण्याने भरलेल्या बाटलीत बुडवून आत ठेवल्यावर दिवसभर ३० अंशांच्या जवळपास राहिला. बाटली यासाठी की उघड्या थर्मामीटरचा आकडा दार उघडताच हलतो, पाण्याचा आकडा हलत नाही. कंट्रोलचे कोष मात्र पेटीत जागा उरली नाही म्हणून शेजारच्या यंत्राच्या खोलीत ठेवले होते. तिथे एसी रात्रंदिवस चालू, २४ अंशांवर.

दोन्ही गट अंडी घातल्यापासून ७२ तासांनी फिक्स केले होते, म्हणजे रसायनात घालून त्याच अवस्थेत थांबवले होते. घड्याळ एकच, पण भ्रूण दोन वेगळ्या वयांचे. २४ अंशांवरच्या भ्रूणांत फक्त पुढच्या भागाचे कोंब होते, आणि ३० अंशांजवळचे भ्रूण पोटावर कोंब येण्याच्या टप्प्यात पोचलेले होते. फरक खरा दिसला, तो जनुकाचा नसून तापमानाचा होता.

कोंब कुठला, हे मोजायचे कसे

तरीही प्रश्न उरतो. टोचलेल्या गटात पोटावर दिसलेले कोंब पायांचे होते की नाही? इथे पोटाची रचना माहीत असली तर दोन मिनिटांत उत्तर मिळते, नसली तर अनुभवी माणूसही फसतो.

भ्रूणपट्टा पुढून मोजा. केलिसेरा म्हणजे विषदंताचे अवयव, ती पहिली जोडी. पेडिपाल्प दुसरी. मग चालण्याच्या पायांच्या चार जोड्या, म्हणजे तिसरी ते सहावी. त्यानंतर पोटाचा पहिला खंड. निरोगी भ्रूणात तो सपाट असतो, त्यावर काहीच नसते. पुढे हाच खंड कमरेचा बारीक देठ बनतो. त्यामागचे चार खंड, दुसरा ते पाचवा, यांवर मात्र छोटे कोंब येतात आणि ते येणारच. दुसऱ्या खंडावरच्या कोंबातून पुस्तकी फुप्फुस घडते, तिसऱ्यावरून श्वासनलिका, चौथ्या-पाचव्यावरून धागा काढणारे स्पिनरेट. म्हणजे निरोगी कोळ्याच्या पोटावर कोंबांच्या चार जोड्या असतात. शेपटाकडून मोजणारा त्यांना जादा पाय समजतो.

फिक्स केलेले भ्रूण पुन्हा काढून पेशींची केंद्रके दाखवणाऱ्या डीएपीआय रंगाने रंगवले आणि पट्टा सपाट पसरून पाहिले. बहुतेक भ्रूणांत चौथ्या पायानंतर एक स्वच्छ मोकळा खंड होता आणि कोंब त्यानंतर सुरू होत होते. सपाट खंड सगळ्यात सहज ओळखू येतो तो चौथ्या पायाच्या बुडाशी. पायाचा कोंब लांबट, टोकदार आणि आत झुकलेला असतो, तर दुसऱ्या खंडाचा कोंब बसका आणि गोल. दोन्हींच्या मधे सोललेल्या फणसाच्या दोन गऱ्यांत असते तशी रिकामी जागा दिसते. ही रिकामी जागा भरलेली असेल, तिथे पायाच्या आकाराचा कोंब असेल, तरच सातवी जोडी म्हणायची. मोजताना शंका राहिली, तर एनग्रेल्ड जनुकाचे रंगकाम करावे. प्रत्येक खंडाच्या मागच्या काठाला त्याची पट्टी येते आणि खंड हातात मोजता येतात.

मोजणाराला गट माहीत होता, हीही अडचण होती. कंट्रोलचे भ्रूण कमी वेळ पाहिले गेले होते, कारण त्यांत काही मिळणार नाही असे गृहीत धरलेले होते. कोषांना क्रमांक द्यायला आणि यादी दुसऱ्याकडे ठेवायला एक कागद पुरतो, आणि अशा कामात तो कागद सूक्ष्मदर्शकाइतकाच लागतो.

बुरशी

टोचलेल्या गटाचे कोष त्याच पेटीत, घट्ट झाकणाच्या बाटल्यांत, ओल्या नारळाच्या भुशावर ठेवले होते. वैशाखात ही ओल हवीच, कारण एसीच्या खोलीत कोष दोन दिवसांत सुकून अंड्यांना खळगे पडतात. मिरग लागल्यावर हवा स्वतःच ओली होते, जुलैत बाहेर ८५ ते ९५ टक्के आर्द्रता. बाटलीच्या भिंतीवर थेंब साचले की पाणी कोषाच्या धाग्यांत शिरते, आणि आधी मेलेल्या किंवा निषेचित न झालेल्या अंड्यांवर बुरशी धरते. तिथून ती निरोगी अंड्यांकडे पसरते. क्रम महत्त्वाचा आहे. बुरशी बहुधा आधी मेलेल्यावर बसते, म्हणून बुरशी आलेल्या कोषात आधी विचारायचे ते हे: पहिली अंडी कशाने मेली?

उत्तर अंडी तेलात पाहून मिळते. कोष चिमट्याने हळूच फाडून २० ते ३० अंडी काढायची, काचेवर हॅलोकार्बन तेलाच्या थेंबात ठेवायची. तेलात बाहेरचे कवच पारदर्शक होते आणि आतला भ्रूण जिवंत असतानाच दिसतो. या कोळ्याचा हा मोठा सोयीचा गुण, रंगकामाशिवाय साध्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली वाढ पाहता येते. दुसऱ्या दिवशीही बलकाचे दाणे सारखेच विखुरलेले, चकती नाही, तर अंडे निषेचितच झाले नाही किंवा अगदी सुरुवातीला मेले. चकती आहे पण क्युम्युलस मध्यभागीच अडकला आहे, तर भ्रूण चारही बाजूंनी सारखा राहतो. एरवी क्युम्युलस चकतीच्या मध्यापासून काठाकडे सरकतो आणि जिथे पोचतो तिथे पाठ ठरते. १९५२ साली ओके होल्म यांनी दुसऱ्या एका कोळ्यात क्युम्युलस काढून दुसरीकडे बसवला, तेव्हा भ्रूणात दुसरा अक्ष तयार झाला होता. अँटेनापीडियाच्या प्रयोगात अडकलेला क्युम्युलस सरसकट दिसला, तर जनुकापेक्षा नळी तपासावी, दुसऱ्या जनुकाच्या डीएसआरएनएची भेसळ असू शकते. पट्टा तयार होऊन उलटापालटीच्या वेळी थांबला, तर बहुधा कोरडेपणा किंवा जास्त उष्णता.

या प्रकरणात मेलेल्या अंड्यांपैकी बरीच पहिल्या प्रकारची निघाली, चकतीपर्यंत न गेलेली. त्यांचे कारण उष्णता किंवा बुरशी नव्हते. नर मादीच्या जाळ्यात सोडून तासाभरात काढला होता, आणि काही माद्यांत मिलन झालेच नव्हते. मादी शुक्रपेशी साठवून ठेवते आणि एका मिलनावर अनेक कोष घालते, म्हणून पहिल्या कोषातली थोडी अंडी तेलात पाहून चकती आली का हे खात्रीने तपासावे आणि मगच त्या मादीला इंजेक्शनाच्या यादीत घ्यावे. नराला रात्रभर राहू द्यावे, आधी मादीला भरपेट खाऊ घालावे. भुकेली मादी नराला भक्ष्य समजते.

बुरशीवरचा उपाय स्वस्त आहे. कोष भुशावर न ठेवता छिद्राच्या झाकणाच्या छोट्या नळीत ठेवावा, आणि ती नळी मोठ्या डब्यात संपृक्त मिठाच्या द्रावणावर अधांतरी टेकवावी. सोडियम क्लोराइडचे संपृक्त द्रावण २५ अंशांवर बंद डब्यात आर्द्रता सुमारे ७५ टक्के धरते. पुन्हा पुन्हा फवारा मारावा लागत नाही आणि थेंबही साचत नाहीत. मात्र शुद्ध मीठच घ्यावे. पेडणे-बार्देशाच्या मिठागरांतल्या जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यांचे संपृक्त द्रावण बरीच कमी आर्द्रता देते आणि आकडा ठरत नाही.

इंजेक्शनाची नोंद

डीएसआरएनए साधारण ५०० ते ८०० बेसच्या लांबीचा, दर मायक्रोलिटरला २ मायक्रोग्रॅम. मादी कार्बन डायऑक्साइडने शांत करून पोटाच्या वरच्या बाजूने, हृदयाची मधली रेघ टाळून, काचेच्या सुईने १ ते २ मायक्रोलिटर. दोन-तीन दिवसांच्या अंतराने असे चार-पाच वेळा. सुई जाड असेल किंवा घाई झाली, तर जखमेतून रक्त येत राहते आणि मादी दोन दिवसांत मरते. सुई काढल्यावर जखम दोन-चार सेकंद कोरड्या ब्रशने दाबून धरली, तर हे पुष्कळ टळते. पहिल्या कोषात परिणाम कमी येतो, तिसऱ्या-चौथ्या कोषापासून ठळक. या प्रकल्पात पहिलेच दोन कोष निकाल म्हणून मोजले गेले होते. म्हणजे परिणाम दिसण्याची वेळ यायच्या आधीच तो दिसला होता. हाही एक इशारा होता.

कंट्रोलला जीएफपीचा (जेलीफिशच्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा) तेवढ्याच लांबीचा डीएसआरएनए दिला होता, ते बरोबर होते. कोळ्यात जीएफपी नाही, त्यामुळे इंजेक्शनाची जखम आणि डीएसआरएनएचा भार दोन्ही सारखे राहतात, जनुक तेवढे वेगळे.

पुन्हा करताना

दोन्ही गट गार आणि गरम दोन्ही करू शकणाऱ्या एकाच बीओडी इन्क्युबेटरमध्ये, एकाच फळीवर. पाण्याच्या बाटलीतला थर्मामीटर आणि शक्य असल्यास तापमान नोंदवणारे छोटे यंत्र आत. वीज गेली की इन्व्हर्टर किती वेळ पुरतो ते आधीच तपासावे. पावसात दोन तास वीज गेली तर इन्क्युबेटर बंद राहू द्यावा, दार उघडू नये.

तास सोडून टप्पा मोजावा. रोज एकाच वेळी प्रत्येक कोषातली पाच-सहा अंडी तेलात पाहून टप्पा नोंदवायचा, आणि चौथ्या पायाचा कोंब लांब झाला व पोटाच्या दुसऱ्या खंडावरचा कोंब उठला, तेव्हा फिक्स करायचे. दोन्ही गट त्याच टप्प्यावर, ज्या दिवशी पोचतील त्या दिवशी. कवच काढायला बाजारातले ब्लीच पाण्यात निम्मे करून एक-दोन मिनिटे, मग तीन-चार वेळा पाण्याने धुणे. जास्त वेळ ठेवले तर भ्रूण सैल होऊन फुटतो. नंतर हेप्टेन आणि साडेतीन ते साडेपाच टक्के फॉर्मलडिहाइड सारख्या प्रमाणात, हळू हलवत रात्रभर.

डीएसआरएनएचे दोन तुकडे वापरावेत, जनुकाच्या एकमेकांवर न येणाऱ्या भागांचे, आणि ते वेगवेगळ्या माद्यांना द्यावेत. दोन्हींनी तीच सातवी जोडी दिली, तर एका तुकड्याने चुकून दुसरे जनुक दाबले अशी शंका उरत नाही. शिवाय जनुकाचा आरएनए भ्रूणात जागच्या जागी दाखवणाऱ्या इन सिटू रंगकामाने जनुकाची खूण खरोखर कमी झाली का ते पाहावे. रंग तसाच राहिला आणि पाय आला असेल, तर पायावर विश्वास ठेवता येत नाही.

जुलैच्या नोंदवहीत आता त्या दोन कोषांसमोर ‘जादा कोंब’ ऐवजी ‘दुसऱ्या ते पाचव्या खंडाचे नेहमीचे कोंब, सुमारे ३० अंशांवर वाढलेले’ अशी दुरुस्ती आहे. फिक्स केलेले भ्रूण मात्र फेकलेले नाहीत. मिथेनॉलमध्ये उणे २० अंशांवर ते ठेवले आहेत, पुढच्या फेरीत खरी सातवी जोडी दिसली तर शेजारी ठेवून तुलना करायला.